शस्त्रक्रियेत पहिल्यांदा सहायक म्हणून उभे राहताना

प्रश्न एका वैद्यकीय विद्यार्थिनीचा आहे. तिची शल्यचिकित्सा विभागातील नेमणूक नुकतीच सुरू झाली असून, पोट उघडून आतड्याचा काही भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेत तिला पुढच्या आठवड्यात प्रथमच ‘स्क्रब’ होऊन (म्हणजे हात धुऊन, निर्जंतुक गाऊन-ग्लोव्हज घालून) दुसरी सहायक म्हणून उभे राहायचे आहे. आजवर तिने ज्या शस्त्रक्रिया पाहिल्या त्या भिंतीलगत उभे राहून, लांबून. तिची विचारणा थोडक्यात अशी आहे : चक्कर आली तर काय करायचे, हात कुठे ठेवायचे, रिट्रॅक्टर (ऊती बाजूला ओढून धरण्याचे उपकरण) धरण्यापलीकडे आपल्याकडून नेमकी काय अपेक्षा असते, आणि काही चुकते आहे असे वाटले तर विद्यार्थ्याने बोलायचे की गप्प राहायचे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : बोलायचे. कसे आणि केव्हा, ते पुढे येईलच. आधी सहायकाचे काम म्हणजे काय हे स्पष्ट करून घेऊ, कारण बहुतेक विद्यार्थी ओटीत (शस्त्रक्रियागृहात) येतात ते ‘मला काही करायला मिळेल का’ या विचारात, आणि त्या विचारापायी हाती असलेले काम नीट होत नाही. सर्जनना ज्या जागी काम करायचे आहे ती जागा त्यांना सतत, स्वच्छ आणि स्थिर दिसत राहिली पाहिजे. सहायक म्हणून तुम्ही जे जे कराल, म्हणजे ऊती बाजूला धरणे, रक्त टिपणे, सक्शन (रक्त ओढून घेणारी नळी) लावणे, धागा कापणे, ते सर्व या एका गोष्टीसाठी असते. हे मनात पक्के असेल तर न सांगितलेल्या निम्म्या गोष्टी आपोआप सुचतात.

तयारी आदल्या दिवशी सुरू होते, आणि तिचा पहिला भाग पुस्तकातला नसून वॉर्डातला आहे. रुग्णाला भेटा, आपले नाव सांगा, आपण विद्यार्थिनी आहोत आणि उद्याच्या शस्त्रक्रियेत सर्जनच्या हाताखाली असणार आहोत हे स्पष्टपणे सांगा, आणि त्याला त्यास हरकत नाही ना, हे विचारा. त्यानंतर केसपेपर वाचा : गाठ आतड्याच्या कोणत्या भागात आहे, सीटी स्कॅनमध्ये काय दिसले, हिमोग्लोबिन किती आहे, रक्त पातळ करणारी औषधे सुरू आहेत का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. शरीररचनेचा अभ्यास करताना संपूर्ण उदर वाचून काढण्याचा हव्यास धरू नका. मध्यरेषेतून पोट उघडताना कोणकोणते थर लागतात (त्वचा, त्याखालची चरबी, लिनिआ अल्बा हा मधला तंतुमय पट्टा, ट्रान्सव्हर्सॅलिस फॅशिया हे पातळ आवरण, पेरिटोनियमच्या बाहेरची चरबी आणि पेरिटोनियम, म्हणजे पोटाचे आतले अस्तर), जो भाग काढायचा आहे त्याला कोणत्या रोहिणीतून रक्त मिळते, आणि त्याच्या मागे कोणते अवयव आहेत, एवढे पक्के करा. उजव्या बाजूचे मोठे आतडे सोडवताना मागे मूत्रवाहिनी आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) असतात. त्या दिवशी सर्जन बराच वेळ नेमके काय शोधत आहेत हे तुम्हाला समजेल ते या एका वाक्यामुळे.

हिपॅटायटिस-बी लसीचे तिन्ही डोस झाले आहेत ना, याचीही आदल्या दिवशीच खात्री करा. लस झालेली नसेल तर बाधित रुग्णाच्या सुईने टोचल्यावर संसर्ग होण्याची शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. एका साध्या लसीने टळणारा धोका अंगावर घेऊन टेबलापाशी उभे राहण्यात कसलेही शौर्य नाही.

आता चक्कर. ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. बराच वेळ एका जागी उभे राहिल्याने रक्त पायांत साचते, मास्क आणि गाऊनमुळे उकडते, कॉटरीच्या (विजेच्या उष्णतेने रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाच्या) धुराचा जळका वास येत असतो, आणि त्यात मनावरचा ताण. या सर्वांच्या परिणामाने हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर कमी होतो आणि माणूस कोसळतो. याचा धैर्याशी काही संबंध नाही. पुढे उत्तम सर्जन झालेल्या अनेकांना विद्यार्थिदशेत अशी चक्कर आलेली असते. सकाळी नीट खाऊन आणि पाणी पिऊन या. ‘पोट रिकामे असलेले बरे, मळमळणार नाही’ हा समज अगदी उलटा आहे. उभे असताना गुडघे मागे ताणून घट्ट करू नका. पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू अधूनमधून आवळा, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घ्या. कोसळण्यापूर्वी शरीर बहुधा सूचना देते : जांभया येऊ लागतात, कपाळाला गार घाम फुटतो, कानांत आवाज येतो, डोळ्यांपुढे करडा पडदा आल्यासारखे होते. यातले काहीही जाणवले की त्याच क्षणी ‘मला बरे वाटत नाही, मी बाजूला होते आहे’ असे स्पष्ट सांगा, हातातला रिट्रॅक्टर शेजारच्या सहायकाकडे द्या, टेबलापासून मागे सरका आणि भिंतीला पाठ लावून सरळ जमिनीवर बसा. गाऊन अस्वच्छ होईल, होऊ द्या, दुसरा मिळतो. आणखी दोन मिनिटे दम धरू या विचाराने जो उभा राहतो तो पुढे, उघड्या पोटावर पडण्याचा धोका असतो, आणि आम्हाला खरी काळजी असते ती त्याची. मात्र अशी चक्कर वारंवार येत असेल, तिच्याबरोबर छातीत धडधड होत असेल, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर ‘ओटीची सवय नाही’ असे म्हणून सोडून न देता हृदयाची तपासणी करून घ्या.

हात धुण्याची पद्धत तुम्हाला सिस्टर किंवा रेसिडेंट (निवासी डॉक्टर) प्रत्यक्ष दाखवतील, म्हणून तिचा विस्तार करत नाही. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढलेल्या असाव्यात, नखे कापलेली असावीत, टोपीबाहेर केस येऊ नयेत, आणि चष्मा असेल तर मास्कची वरची पट्टी नाकावर नीट दाबून बसवलेली असावी. एकदा हात धुतल्यावर चष्मा सरकवता येत नाही. पाणी बोटांकडून कोपराकडे वाहिले पाहिजे, म्हणून हात कोपरापेक्षा उंच ठेवावे लागतात, आणि पुढे टॉवेलने टिपतानाही दिशा तीच राहते. ग्लोव्हज घालायचे असताना इतके घासायचे कशाला, असे विद्यार्थी विचारतात. ग्लोव्हजना शस्त्रक्रियेदरम्यान डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात, आणि आत ओलसर उबेत जंतू वाढत राहतात, हे त्याचे उत्तर. रबरी ग्लोव्हज ओटीत आले तेच मुळी रुग्णासाठी नव्हे. १८८९ च्या सुमारास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सर्जन विल्यम हॉलस्टेड यांच्या ओटीतील नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशक द्रावाने त्वचारोग झाला, तेव्हा त्यांच्या हातांच्या रक्षणासाठी हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ ग्लोव्हज बनवून घेतले. ग्लोव्हजमुळे जखमा चिघळण्याचे प्रमाणही घटते हे नंतर लक्षात आले. (पुढच्याच वर्षी त्या दोघांचे लग्न झाले, हा या कथेचा विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त लक्षात राहणारा भाग.)

गाऊन आणि ग्लोव्हज चढल्यावर तुमचे शरीर दोन भागांत वाटले जाते. गाऊनची पुढची बाजू, छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंत, आणि बाह्या कोपराच्या किंचित वरपर्यंत, एवढाच भाग निर्जंतुक मानायचा. पाठ, खांदे, मान, काखा, मास्क आणि कमरेखालचा सगळा भाग निर्जंतुक नाही, गाऊन नुकताच पाकिटातून निघालेला असला तरीही. म्हणून काम नसताना हात छातीपुढे एकत्र धरायचे, किंवा ड्रेपवर (रुग्णावर अंथरलेल्या निर्जंतुक कापडावर), शस्त्रक्रियेच्या जागेजवळ शांत ठेवायचे. हाताची घडी घालायची नाही, कारण बोटे काखेत जातात. वरचा दिवा हलवायचा तर केवळ निर्जंतुक हँडलने. दुसऱ्या स्क्रब झालेल्या व्यक्तीच्या मागून जायचे असेल तर पाठीला पाठ करून जायचे. टेबलाच्या पातळीखाली लोंबणारे ड्रेप अस्वच्छ मानतात. तिथे घसरलेले उपकरण उचलून परत वर ठेवायचे नाही, फक्त ‘खाली गेले’ असे सांगायचे.

आणि कुठे हात लागलाच, तर सांगायचे. ‘माझा डावा हात बाहेर लागला’, इतके पुरे. त्यासाठी कारण देण्याची, माफी मागण्याची गरज नसते. एक ग्लोव्ह बदलायला अर्धे मिनिट लागते आणि काम पुढे चालू होते. सिस्टरने ‘तुम्ही अनस्टराइल झालात’ असे म्हटले, तर तुम्हाला स्वतःला तसे वाटत नसले तरी वाद न घालता बदला. आपली कोपरे आणि पाठ आपल्याला दिसत नाहीत, त्यांना दिसतात. मला विचाराल तर हुशार पण लपवणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा पहिल्याच तासात दोनदा ग्लोव्हज बदलणारा विद्यार्थी मी केव्हाही टेबलापाशी सोबत घेईन, कारण त्याच्या ‘स्वच्छ आहे’ या शब्दावर मला भरवसा ठेवता येतो.

चीर देण्यापूर्वी सर्वजण थांबून रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया, तिची जागा, प्रतिजैविक दिले की नाही हे मोठ्याने पडताळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये पुढे आणलेल्या तपासणी-यादीचा हा मधला टप्पा आहे. एक टप्पा भूल देण्यापूर्वी असतो आणि एक रुग्ण ओटीबाहेर जाण्यापूर्वी. आठ देशांतील आठ रुग्णालयांत या यादीचा वापर सुरू होण्याआधीची आणि नंतरची स्थिती तपासणारा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलेले आढळले. याच टप्प्यात प्रत्येकाने आपले नाव आणि भूमिका सांगायची असते. तुमची पाळी आली की पुटपुटू नका. ज्याने सुरुवातीला एकदा सर्वांसमोर तोंड उघडले आहे, त्याला पुढे शंका बोलून दाखवणे सोपे जाते, हा माझा अनुभव आहे.

आता रिट्रॅक्टर, म्हणजे त्या दिवसाचा तुमचा सर्वाधिक वेळ. पोटाच्या शस्त्रक्रियेत तुमच्या हाती बहुधा डीव्हरचा, म्हणजे प्रश्नचिन्हासारखा वाकलेला, रिट्रॅक्टर येईल. सर्जन तो स्वतः जागेवर बसवतील, त्याच्या पात्याखाली ओला मॉप (रक्त टिपण्याचे जाड कापड) ठेवतील, हवी ती दिशा आणि हवा तेवढा ताण देतील आणि मग तुमचा हात त्यावर ठेवतील. त्या क्षणी दोन गोष्टी लक्षात घ्या : पात्याचे टोक कोणत्या दिशेला आहे आणि ओढ किती आहे. त्यानंतर तुमचे काम ती दिशा आणि ती ओढ जशीच्या तशी राखण्याचे. नवशिक्यांच्या हातून रिट्रॅक्टर हळूहळू आणि नकळत सरकतो : हात थकतो तसा ताण सैल पडतो, आतले टोक जागचे हलते, आणि बाजूला धरलेले यकृत किंवा आतडे पुन्हा मध्ये घुसते. दुसरे कारण कुतूहल. आत काय चालले आहे ते पाहण्यासाठी विद्यार्थी पुढे वाकतो, आणि वाकताना हातही पुढे जातो. सर्जन ‘टोक आत घ्या’ म्हणाले तर हँडल किंचित वर उचलून पात्याचे टोक खोल करायचे असते, सगळा रिट्रॅक्टर जोरात ओढायचा नसतो. ओढीचा जोर वाढवण्याची प्रवृत्ती विशेष जपून आवरा. यकृत आणि प्लीहा नाजूक असतात, पात्याच्या कडेने फाटतात आणि मग बराच काळ वाहत राहतात. ओटीपोटात खोल दाबून ठेवलेल्या पात्याखाली मांडीकडे जाणारी फिमोरल नर्व्ह दबून शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या पायात अशक्तपणा आल्याची उदाहरणे शल्यचिकित्सेच्या पुस्तकांत आहेत.

हात दुखणारच. दुखणे कमी व्हावे म्हणून मुठीत हँडल आवळून धरू नका. कोपर शरीराजवळ ठेवा, आणि दंडाच्या ताकदीने ओढण्याऐवजी शरीराचे वजन किंचित मागे टाकून ताण द्या. टेबलाची उंची सर्जनच्या सोयीने ठरते, म्हणून तुमची उंची कमी पडत असेल तर हात धुण्यापूर्वीच पायाखाली स्टूल मागून घ्या; तासभर खांदे उचलून उभे राहिल्यावर ते मागण्यात अर्थ नाही. हात बदलायचा झाल्यास ‘हात बदलू का’ असे विचारा आणि ‘हो’ आल्यावरच बदला. सर्जन रोहिणीला चिमटा लावत आहेत किंवा गाठ खाली नेत आहेत, त्या पाच-दहा सेकंदांत काहीही हलता कामा नये. गाठ बसून धागा कापला गेला की विचारा. आणखी एक बारीक गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही : रुग्णाचा हात बाजूच्या आर्मबोर्डवर पसरलेला असतो, आणि त्याच्याजवळ दाटीने उभा असलेला सहायक नकळत कमरेने तो डोक्याकडे ढकलत जातो. तो हात ९० अंशांपलीकडे गेला की खांद्यातून जाणाऱ्या नसांचा जुडगा ताणला जातो. भूल दिलेल्या माणसाला हात दुखतो आहे हे सांगता येत नाही. त्याच्या छातीवर कोपर टेकू नका, अंगावर रेलू नका, आणि भूलतज्ज्ञांनी ‘हात बघा’ म्हटले तर ते तुमच्याशीच बोलत आहेत असे समजा.

मॉपने रक्त टिपायचे असते, पुसायचे नसते. दाबायचे आणि सरळ वर उचलायचे. पुसल्याने नुकतीच धरलेली रक्ताची गुठळी निघून येते आणि थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. सर्जन चिमटा किंवा कॉटरी हातात घेऊन तयार असतील, तर तुम्ही मॉप उचलण्याच्या क्षणी त्यांना वाहणारे टोक दिसले पाहिजे, म्हणून त्यांच्या तयारीकडे पाहून मग उचला. सक्शनचे टोक साचलेल्या रक्ताच्या तळाशी, कडेला ठेवा. मोकळ्या आतड्यावर किंवा ओमेंटमवर (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर) ते चिकटून ऊती ओढते आणि इजा करते. अचानक भरभर रक्त आले तर विद्यार्थ्याच्या हातून दोन टोकाच्या गोष्टी होतात, एक तर तो रिट्रॅक्टर सोडून मागे सरतो किंवा हाती येईल ते घेऊन आत घुसतो. दोन्ही टाळा. रिट्रॅक्टर जिथे आहे तिथे राहू द्या, कोणी दाबून धरायला सांगितले तर मॉपवर बोटांनी स्थिर दाब द्या, आणि सांगितल्याशिवाय उचलून पाहू नका. बहुतेक रक्तस्राव दाबाने आटोक्यात येतो, आणि त्या काही मिनिटांत भूलतज्ज्ञांना रक्त मागवायला व सर्जनना पुढचे ठरवायला वेळ मिळतो.

धागा कापणे हे सहसा विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारे पहिले ‘खरे’ काम. कात्रीच्या कड्यांत अंगठा आणि अनामिका घाला, तर्जनी कात्रीच्या सांध्यापर्यंत लांबवा, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर कात्री टेकवून ती स्थिर करा. पाती किंचितच उघडा. कापायचे ते टोकाने, आणि टोके दोन्ही दिसत असल्याशिवाय कापायचे नाही, नाहीतर धाग्यामागची ऊतीही कापली जाते. धाग्यावरून कात्री गाठीपर्यंत सरकवत न्या, तिथे थोडी तिरकी करा आणि कापा. त्या तिरकेपणामुळे गाठीवर दोन-तीन मिलिमीटर शेंडी राहते. सिल्क किंवा व्हिक्रिलला तेवढी पुरते, प्रोलीनसारख्या गुळगुळीत धाग्याची गाठ सुटू शकते म्हणून तिथे जास्त ठेवतात, आणि त्वचेच्या टाक्यांना पुढे काढताना धरता यावे म्हणून सुमारे सेंटिमीटरभर. सर्जनची पसंती वेगळी असू शकते; पहिल्या टाक्याला ‘एवढे ठेवू का’ असे विचारले की प्रश्न मिटतो. आखूड कापले तरी ऐकावे लागते, लांब ठेवले तरी ऐकावे लागते, आणि ते सर्वांनी ऐकलेले आहे.

पोट बंद करताना सलग टाका घातला जातो तेव्हा धागा ‘फॉलो’ करायला सांगतात. याचा अर्थ असा की शेवटच्या टाक्यातून बाहेर आलेला धागा तुम्ही हलक्या हाताने ताणून धरायचा, म्हणजे आधीचे टाके सैल पडत नाहीत, आणि सर्जननी पुढचा टाका घालून धागा ओढला की त्याच गतीने सोडत जायचे. धागा जखमेवर आडवा येऊ देऊ नका. फार ताणला तर ऊती कापली जाते आणि तिचा रक्तपुरवठा बिघडतो. हे काम नीट जमले की सर्जन काही बोलत नाहीत. न बोलणे हीच त्या ठिकाणी शाबासकी असते.

सुया आणि ब्लेड यांच्याबाबत मी फार कडक आहे. धारदार वस्तू हातातून हातात द्यायची नाही. ती किडनी ट्रेमधून जावी आणि येताना ‘सुई’ किंवा ‘ब्लेड’ असे मोठ्याने म्हटले जावे. जिथे सर्जनची सुई चालू आहे तिथे मदत म्हणून स्वतःचे बोट पुढे करायचे नाही, ऊती धरायची तर फोर्सेप्सने (चिमट्याने). टोचलेच, तर लगेच सांगा, बाजूला व्हा, ग्लोव्हज काढून जागा साबण आणि पाण्याने धुवा; पिळून रक्त काढू नका. त्यानंतर त्याच दिवशी नोंद करून सल्ला घ्या. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे देण्याचे ठरले तर पहिला डोस शक्य तितक्या लवकर, काही तासांतच घ्यायचा असतो, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग मानला जात नाही, आणि औषधे २८ दिवस चालतात. ‘सर रागावतील म्हणून शस्त्रक्रिया संपल्यावर सांगू’ हा विचार येईल. तो बाजूला ठेवा.

आतडे उघडले जाते त्या टप्प्यावर ओटीतले वातावरण जरा बदलते, त्याकडे लक्ष ठेवा. त्या वेळी वापरलेली उपकरणे वेगळी काढली जातात, आजूबाजूला मॉप लावून घेतात, आणि बऱ्याच ठिकाणी पोट बंद करण्यापूर्वी सर्वजण ग्लोव्हज बदलतात. तुमच्या हातातले सक्शन आत वापरले गेले असेल तर ते स्वच्छ ट्रॉलीवर ठेवू नका, सिस्टरना विचारा. सिस्टरच्या ट्रॉलीवरून स्वतःहून काहीही उचलायचे नाही, हा तर सर्वकाळचा नियम. सगळी मोजदाद त्यांच्याकडे असते. पोट बंद होण्यापूर्वी मॉप, गॉज, सुया आणि उपकरणे मोजली जातात, आणि एखादा मॉप कमी भरला तर आधी पोटात, मग ड्रेपमध्ये, मग बादलीत शोध सुरू होतो. तरीही नाही मिळाला तर एक्स-रे काढतात, कारण मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो.

तुम्ही विचारलेला ‘बोलायचे की गप्प राहायचे’ हा प्रश्न इथे नेमका लागू होतो. उजव्या कोपऱ्यात एक मॉप जाताना तुम्ही पाहिला आणि तो बाहेर आलेला पाहिला नाही, तर ‘उजवीकडे, यकृताखाली एक मॉप होता’ हे वाक्य बोलणे तुमचे काम आहे. रिट्रॅक्टर धरून उभ्या असलेल्या माणसाला अनेकदा असे कोपरे दिसतात जे सर्जनच्या बाजूने दिसत नाहीत. जे दिसले ते सांगा, निष्कर्ष सांगण्याची घाई करू नका. ‘इथे रक्त साचते आहे’ हे उपयोगाचे. ‘रोहिणी सुटली वाटते’ हे तुम्ही ठरवायचे नाही. शिकण्यासाठीचे प्रश्न मात्र वेळ पाहून विचारा. सर्जन सहज बोलत आहेत, टाके घालत आहेत, तेव्हा जरूर विचारा. संभाषण एकाएकी थांबले, सक्शनचा आवाज वाढला, भूलतज्ज्ञ उठून उभे राहिले, की प्रश्न पुढे ढकला. तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, वाचून येते’ हे पूर्ण उत्तर आहे. अंदाजाने तीन नावे फेकणाऱ्याला आम्ही लगेच ओळखतो. उलट, विद्यार्थ्याला सर्वांदेखत ओशाळे करण्यासाठी प्रश्न विचारणारे वरिष्ठही असतात. ती शिकवण्याची पद्धत नव्हे, आणि तसे झाले तर त्यातला शरीररचनेचा मुद्दा घ्या, सूर घेऊ नका.

टेबलावर बोलताना हेही ध्यानात असू द्या की पाठीतून भूल दिली असेल तर रुग्ण जागा असतो आणि पडद्यापलीकडून प्रत्येक शब्द ऐकत असतो. ‘बाप रे, केवढी मोठी!’ असा उद्गार त्याच्या मनात वर्षानुवर्षे राहू शकतो. संपूर्ण भूल असली तरी असे काही बोलू नये. शस्त्रक्रियेचा फोटो काढणे, रुग्णाबद्दल बाहेर काही सांगणे, हे तर प्रश्नाच्या कक्षेतही येत नाही.

ऐन वेळी दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली तर तुमच्या हाती कॅमेरा येईल, आणि मग सर्जन अक्षरशः तुमच्या हाताने पाहत असतील. क्षितिज सरळ ठेवा, सर्जनच्या उपकरणाचे टोक पडद्याच्या मध्यभागी ठेवा, ३० अंशांच्या दुर्बिणीत दिशा बदलायची तर कॅमेऱ्याचे डोके स्थिर धरून लाइट केबल फिरवायची. लेन्स धुरकट झाली तर कोमट सलाइनमध्ये बुडवून पुसतात. दुर्बीण बाहेर काढल्यावर तिचे पेटलेले टोक ड्रेपवर ठेवू नका. ते ड्रेप जाळण्याइतके तापते.

ड्रेसिंग झाले म्हणून लगेच ग्लोव्हज फेकून निघून जाऊ नका. ड्रेप काढणे, रुग्णाला ट्रॉलीवर घेणे, कॅथेटर आणि ड्रेन ओढले जाणार नाहीत हे पाहणे, यांत हात लावा. रुग्ण हलवताना डोक्याकडची सूत्रे भूलतज्ज्ञांकडे असतात आणि त्यांनी मोजल्यावरच उचलायचे असते. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रियेची नोंद वाचा आणि तुम्ही पाहिलेल्या क्रमाशी ताडून पाहा, शक्य असेल तर आठवून एक आकृती काढा. जिथे आकृती अडते तिथेच तुम्हाला दिसले नव्हते किंवा समजले नव्हते, आणि ते दुसऱ्या दिवशी रेसिडेंटना विचारता येते. मग वॉर्डात जा. लघवी किती झाली, ड्रेनमध्ये काय आणि किती आले, नाडी आणि रक्तदाब कसा आहे, वेदना किती आहे, हे पाहा. आदल्या दिवशी तुम्ही स्वतःची ओळख करून दिलेली असल्यामुळे रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक ‘सगळे निघाले का, गाठ कसली होती’ हे बहुधा तुम्हालाच विचारतील. शस्त्रक्रिया पूर्ण झाली आहे आणि काढलेला भाग तपासणीला पाठवला आहे, इतके सांगा. बाकीचे सर्जन स्वतः सांगतील असे म्हणा, आणि नातेवाइकांनी काय विचारले ते सर्जनच्या कानावर घाला.